सगळ्यांना जमेल असा डोंगर

४ नोव्हेंबर

प्रिय चिंगी,

पाकीट बघून छातीत धस्स होऊ देऊ नकोस, सगळे ठीक आहोत. आमच्या घरात हल्ली फोनवर बोलणं म्हणजे चव्हाट्यावर बोलण्यासारखं झालंय, कुणी ना कुणी कान देऊन बसलेलं असतंच. म्हणून म्हटलं, सरळ कागद घ्यावा.

काम असं आहे. जानेवारीत लेकीला आणि जावयाला एकदम रजा मिळतेय, असा योग परत कधी येईल सांगता येत नाही. सगळ्यांनी मिळून एकदा बर्फावर जावं असं फार मनात आहे. पण आमची वरात कशी आहे ते बघ. तुझा दादा पट्टीचा स्की करणारा. लेकीला अधलंमधलं येतं, म्हणजे वळता येतं, पण थांबायला समोर भिंत लागते. जावयानं बर्फ फक्त फ्रिजमध्ये पाहिलाय. नात चार वर्षांची, तिला पडण्यातच मजा वाटते. आणि मी बाकावर बसून सगळ्यांचे हातमोजे सांभाळणार.

तुझा जन्म गेला त्या धंद्यात, तेव्हा तूच सांग. स्वस्त हवं, हे वेगळं सांगायला नको. मोठं नाव नको, वर नेणारी खुर्च्यांची नुसती एक लिफ्ट असली तरी पुरे. खरं तर एकच असावी. सगळे उतार खाली एकाच ठिकाणी येऊन मिळावेत आणि बाकावरून मला सगळी माणसं दिसावीत. नात लहान आहे ना, म्हणून म्हणते.

ह्यांनी बस चालवणं सोडल्याचं लेकीनं तुला सांगितलं असेलच. कंटाळले होते. आता घरीच असतात, मजेत आहेत. तुला आशीर्वाद सांगितलेत.

तुझी,
वहिनी


१२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. पत्र मिळालं. तुमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, पण तुमचं मला आलेलं हे पहिलंच पत्र, तेही बर्फाच्या भावाची चौकशी करणारं! असो. दुकानात बसून लिहितेय. समोर ओल्या बुटांची रांग आणि त्यांचा तो वास. इस्त्री तापतेय, स्कीच्या तळव्यांना मेण लावायचंय. हंगाम तोंडावर आलाय आणि बर्फाचा पत्ता नाही.

आता तुमचं काम. स्वस्त आणि मस्त एका घरात नांदत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. तळ्याकाठचं रिसॉर्ट तुम्हाला हवं तसं आहे. एकच लिफ्ट, एकच उतार, बाकसुद्धा आहे. पण ते इतकं खाली आहे की गेल्या जानेवारीत तिथं यंत्रानं पसरलेल्या बर्फाचा एक पट्टा होता आणि दोन्ही बाजूंना चिखल. पोरगी पडली तर धुवायलाच लागेल. मोठं, टीव्हीवर दिसतं ते रिसॉर्ट विसरा, तिथं चहा पितानाही माणूस किंमत बघून कप परत ठेवतो.

राहिलं आमचं. इथं लिफ्टा तीन. खाली पोरांसाठी सरकता पट्टा आहे, जावई तिथं लोळेल. मधला उतार लेकीच्या मापाचा. वर दादाचं राज्य. बूट आणि स्की माझ्या दुकानातून, राहणं माझ्याकडे. खाटा कमी पडतील, पण जमिनीवर झोपल्यानं कुणी मेलेलं नाही. ह्याहून स्वस्त तुम्हाला देवसुद्धा देणार नाही.

आणि वहिनी, स्पष्ट बोलते, राग मानू नका. दादाला एका लिफ्टच्या बाळउतारावर नेणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला बादलीत बसवणं. त्यानं ह्या डोंगरावर मला हात धरून शिकवलंय. बाक तुमचा, पण डोंगर त्याचा आहे.

ह्या वर्षी माझ्या वाढदिवसाला त्याचा फोन आला नाही. मी काही म्हणत नाही. नुसतं सांगितलं.

चिंगी


२० नोव्हेंबर

प्रिय चिंगी,

फोन आला नाही त्याचा दोष मला दे. मी आठवण करायला हवी होती.

तू इतकं मनापासून सुचवलंस, पण तळ्याकाठचंच बरं. चिखल असला तर असू दे. तुझ्याकडे पाच माणसं येऊन पडायची, तू दिवसभर दुकानात राबणार आणि संध्याकाळी आमची उस्तवार करणार, हे माझ्या मनाला पटत नाही. शिवाय लिफ्टचे पास पाच जणांचे, परवडायचं नाही. आणि ह्यांचा गुडघा हल्ली कुरकुरतो. वरचे उतार आता त्यांना झेपायचे नाहीत. तू कौतुकानं वर नेशील आणि तेही तुझ्यासमोर नाही म्हणणार नाहीत.

त्यांच्याशी फोनवर ह्या विषयावर बोलू नकोस. ठरलं की मीच सांगेन.

मी तुझ्या दादाला बादलीत बसवत नाहीये गं. तुला तसं वाटतंय, वाटू दे.

तुझी,
वहिनी


२८ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

मी फोन केला. तुम्ही नको म्हणालात म्हणूनच केला असं समजा. तुम्ही बहुधा बाजारात होता.

काय बोलला माहितीये? इतका तर गेल्या पाच वर्षांत बोलला नसेल! बाबा ज्या जुन्या लिफ्टवर कामाला होते, तिच्या मोटरचा आवाज त्यानं मला करून दाखवला. ती लिफ्ट मोडून किती वर्षं झाली, पलीकडच्या खोऱ्यातलं आपलं घर पाडूनही झालं, आणि ह्याला अजून वरून घरापर्यंतची वाट झाडांसकट पाठ! कुठं वळायचं, कुठं ओढा, कुठं मी पडून दात पाडून घेतला होता. मी इथं राहते आणि मला आठवत नाही. म्हणाला, ‘बाबा लिफ्टवर असतील ना गं? त्यांना सांग, पास काढत नाही म्हणावं.’ मी इतकी हसले! बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्याची थट्टा अजून तशीच.

गुडघ्याचं विचारलं, तर म्हणाला, ‘कुठला गुडघा?’

वहिनी, मी लहान असताना तुम्ही घरात आलात आणि दादाला घेऊन शहरात गेलात. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. पण आता तो घरी बसलाय, त्याला मोकळं वाटेल अशी एकच जागा उरलीय, आणि तुम्ही त्याला तिथं यायलाही गुडघ्याचं निमित्त करून अडवता. खोटं बोलून.

पाचही पास मी काढलेत. कामगारांना सवलत मिळते. परत होत नाहीत. पैशाचं कारण संपलं. जानेवारीचा दुसरा आठवडा. तो ‘येतो’ म्हणालाय.

चिंगी


९ डिसेंबर

प्रिय चिंगी,

ठीक आहे. येतो.

तू फोन केल्यापासून हे खूश आहेत. बॅग भरून दाराशी ठेवतात. अजून महिना आहे म्हटलं की निमूटपणे रिकामी करतात आणि सकाळी परत भरतात. त्यांना असं हसताना बघून मला नाही म्हणण्याचं बळ उरलं नाही. कदाचित तुझंच बरोबर असेल. कदाचित त्यांना खरंच तेवढंच हवं असेल.

एकच मागणं आहे. वर न्यायचं तर ने, पण त्यांना एकटं सोडू नकोस. बरोबर जा, बरोबर ये. एका लिफ्टच्या खुर्चीइतकंही अंतर ठेवू नकोस. हसू नकोस आणि कारण विचारू नकोस. मला सांगता आलं असतं तर मी पहिल्याच पत्रात सांगितलं असतं.

मला तुझा राग आलेला नाही. थकवा आलाय फक्त.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही इथून दादाला घेऊन गेलात, तेव्हा रुग्णवाहिकेच्या दारात मी उभी होते आणि तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. बघायला नकोच होतं. लेकीचे निरोप मिळतात. डाव्या हाताची तीन बोटं काढावी लागली हेही तिनंच कळवलं.

तुम्ही खाली बाकावर होता. वर काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, कारण वर मी एकटीच होते. म्हणून लिहितेय.

आदल्या संध्याकाळी तुम्ही सगळे आलात तेव्हा तो गप्प होता. मला वाटलं, प्रवासानं दमला. सकाळी दुकानात बूट घालताना त्यानं पाय पुढे केला आणि नुसता बसून राहिला. मी गुडघे टेकून त्याचे बूट बांधले. तेव्हाही मला वाटलं, लाड करून घेतोय. वहिनी, माझ्यासमोर सगळं ढळढळीत मांडलेलं होतं आणि मला प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी वाटत गेलं.

खुर्चीत माझ्या शेजारी बसून वर जाताना त्यानं माझा हात धरला होता. वर ऊन होतं. रात्री ताजा बर्फ पडला होता, ह्या हंगामातला पहिला चांगला बर्फ. उतरल्यावर माझ्या बुटाची कडी निसटली. मी खाली वाकले. तो म्हणाला, ‘चल चिंगे, बाबा वाट बघत असतील,’ आणि निघाला.

मी हाक मारू शकले असते. तुमचं पत्र मला आठवलं होतं, खोटं बोलणार नाही. पण तो असा उतरत होता, वहिनी! एक पाऊल इकडचं तिकडं नाही. पंचविशीत उतरायचा तसा. मी कडी हातात धरून बघत राहिले. माझ्या मनात आलं, आता वहिनी खालून बघत असतील आणि त्यांना कळेल. मला तुम्हाला हरवल्याचा आनंद होत होता. तुमच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही लिहिते.

पुढे वाट फुटते. डावीकडची खाली तुमच्या बाकाकडे येते. उजवीकडची दोर लावून बंद केलेली आहे, ती पलीकडच्या खोऱ्यात जाते, जिथं पूर्वी आपलं घर होतं. मी डावीकडे उतरले. म्हटलं, तो पुढे जाऊन थांबला असेल, लहानपणापासून थांबायचाच. खाली आले, तर तुम्ही उभ्या होता आणि मला बघून विचारलंत, ‘हे कुठायत?’ त्या वेळचा तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हा मला कळलं की तुम्ही ह्याच प्रश्नाची वाट बघत बाकावर बसला होता.

गस्तीच्या लोकांना तो दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. जुन्या लिफ्टची मोटर ठेवायची पत्र्याची खोली अजून उभी आहे, तिच्या दाराशी बसला होता. स्की काढून भिंतीला नीट टेकवून ठेवलेल्या, हातमोजे काढून मांडीवर. त्यांनी उठवलं तर उठेना. म्हणाला, ‘बहीण वर राहिलीय, ती आल्याशिवाय मी येत नाही.’

त्यांनी मला हे सांगितलं तेव्हाही मला वाटलं, थंडीनं भ्रम झाला असेल. मग दवाखान्यात डॉक्टरांनी मलाच विचारलं, ‘ह्यांचा विसरण्याचा आजार किती दिवसांचा?’ आणि तुमच्या लेकीनं मान खाली घातली.

लेकीला माहीत होतं. जावयाला माहीत होतं. परक्याच्या घरून आलेल्या पोराला माहीत होतं, वहिनी. मला का नाही?

चिंगी


१५ फेब्रुवारी

चिंगी,

तुझं पत्र वाचून बरेच दिवस नुसतं ठेवून दिलं. आज लिहिते.

तू विचारलंस म्हणून सगळं सांगते. दोन वर्षांपूर्वी सकाळच्या फेरीला ह्यांनी भर चौकात बस थांबवली, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मागून भोंगे वाजायला लागले. एक बाई पुढे येऊन म्हणाल्या, ‘काय झालं ड्रायव्हरसाहेब?’ तर हे वळून म्हणाले, ‘तुम्हाला कुठं जायचंय ते सांगा, मी सोडतो.’ अदबीनं म्हणाले. लोकांना वाटलं प्यायलेत. त्याच दिवशी डेपोतून मला बोलावणं आलं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पुढे काय काय होत जाईल तेही सांगितलं. घरी येताना रिक्षात हे म्हणाले, ‘लेकीला सांग, जावयाला सांग, त्यांच्यापासून लपायचं नाही. पण चिंगीला सांगू नकोस. तिच्या डोक्यात मी अजून डोंगर उतरणारा दादा आहे. एका तरी माणसाच्या डोक्यात मला तसंच राहू दे.’ माझ्याकडून वचन घेतलं. पुढे ते वचन घेतल्याचं ते विसरले, पण मी कशी विसरू? ज्याला आठवतं त्यालाच पाळावं लागतं.

म्हणून तो एका लिफ्टचा उतार शोधत होते मी. त्यांना अजून बर्फ ओळखू येतोय तोवर एकदा न्यायचं होतं, आणि नजरेसमोर ठेवायचं होतं. स्वस्त, सोपा, सगळ्यांना जमेल असा. असा डोंगर असतो का गं कुठं?

तुला मी दोष देत नाही. दिवसभर देत नाही. पण पहाटे जाग आली की देते, तुलाही आणि मलाही, आणि वचन घेणाऱ्यालाही.

आता इथलं ऐक. दवाखान्यातून आल्यापासून हे फार खालावलेत. मला नर्स समजतात. लेकीला ‘मॅडम’ म्हणतात. नात जवळ यायला घाबरते, त्या हाताला. घर, रस्ता, बस, सगळं पुसलं गेलं. एकच गोष्ट घट्ट राहिलीय आणि तीच आम्हाला खाऊन टाकतेय. ऊन उतरायला लागलं की उठून दाराशी जातात. ‘चिंगी खाली आली का?’ मी म्हणते, आली. खुर्चीत बसतात. चहा गाळून होईपर्यंत परत उठतात. ‘अंधार पडतोय, ती वर एकटी आहे.’ परवा दाराला कुलूप होतं तर दारावर डोकं आपटत राहिले. जावयानं आणि मी मिळून धरलं. कपाळाला चार टाके पडले.

तू ये. फार काही नको, एकदा त्यांच्यासमोर उभी राहा आणि ‘दादा, मी आले खाली’ एवढं म्हण. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. आजवर तुझंच ऐकत आलेत.

वहिनी


२० मार्च

प्रिय वहिनी,

कालच्या निरोपात तू विचारलंस की पुन्हा कधी येतेस. तुला आता ‘तुम्ही’ म्हणवत नाही, चालेल ना?

तू म्हणतेस की मी येऊन गेल्यापासून दादा शांत आहे, दाराशी जात नाही, रात्री झोपतो. त्या दिवशी तुझ्या खोलीत बसून तू माझा हात धरून रडलीस, ‘तुझी ओळख पटली बघ त्यांना, मी म्हणतच होते.’ मी तेव्हा मान हलवली. तुझ्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी जरा रक्त दिसत होतं, माझ्याच्यानं काही बोलवलं नाही. पण आपल्या दोघींमध्ये न सांगितलेल्या गोष्टींनी जे करायचं ते करून झालंय. म्हणून सांगते.

तू औषधं आणायला खाली गेली होतीस. मी त्याच्या खुर्चीसमोर स्टुलावर बसले. म्हटलं, ‘दादा, मी आले खाली.’ त्यानं माझ्याकडे बघितलं. चुकीच्या बसमध्ये चढलेल्या उतारूकडे बघावं तसं, जरा वाईट वाटून.

‘तुम्ही तिकडच्या का हो? डोंगराकडच्या?’

‘मी चिंगी, दादा.’

‘नाही हो,’ म्हणाला. ‘चिंगी एवढीशी आहे.’ आणि तो बोटं नसलेला हात त्यानं खुर्चीच्या हाताएवढ्या उंचीवर धरला. ‘तिला बुटाची कडी लावता येत नाही. मी पुढे निघून आलो. मागे वळून बघायला हवं होतं.’

मी त्याला सगळं सांगून पाहिलं. पडलेला दात, बाबांची लिफ्ट, आईनं विणलेली टोपी. तो ऐकत होता, पण आपली गोष्ट परक्या बाईला कुठून कळली म्हणून घाबरायला लागला. खुर्चीच्या कडेला सरकला. मग मी थांबले.

थोड्या वेळानं तोच म्हणाला, ‘तुम्ही परत तिकडे जाणार ना? मला कुणी सोडत नाही. तुम्ही वर जाऊन बघाल का?’

मी म्हटलं, ‘बघते.’

‘नक्की?’

‘नक्की. सापडेपर्यंत बघते.’

‘तिला सांगा, दादा रागावलेला नाही.’ असं म्हणून त्यानं मान मागे टेकली, आणि तू जिन्यावरून येईपर्यंत त्याला झोप लागली होती. तू दारातून बघितलंस आणि हसलीस.

वहिनी, तो शांत आहे तो मी आले म्हणून नाही. कुणीतरी शोधायला गेलंय म्हणून शांत आहे. मी परत त्या दारात उभी राहिले तर तो आधी माझ्या मागे बघेल, बरोबर कोण आहे ते. आणि मी एकटीच असेन.

म्हणून मी येणार नाही. तुला वाटेल, पळ काढतेय. वाटू दे, आपल्या दोघींना एकमेकींबद्दल बरंच काही वाटून झालंय. तुला काही लागलं, रात्रीबेरात्री, तर मी आहे, फोन कर. लेकीकडे दोन दिवस राहायला गेलीस तर तिथं भेटायला येईन. पण त्याच्यासमोर नाही.

त्यानं विचारलं तर सांग, त्या बाई अजून वरच आहेत.

तुझी,
चिंगी